कामाच्या टूरवर क्राफ्ट ब्रुअरी कशी शोधायची: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मशीन बसवून देणं, चालू करून देणं आणि बिघडलं की परत धावत जाणं हे माझं काम, त्यामुळे वर्षातले निम्मे दिवस गाडीत आणि उरलेले हॉटेलात जातात असं घरचे म्हणतात आणि ते काही फार खोटं नाही. संध्याकाळी रूममध्ये चॅनल बदलत बसायचा कंटाळा आला म्हणून क्राफ्ट ब्रुअऱ्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर स्वतःची बिअर करणाऱ्या जागा, शोधायला लागलो. आता ऑफिसातल्या कुणाची टूर ठरली की क्लायंट कोण ते नंतर, आधी मला मेसेज येतो की तिकडे जवळपास काय आहे. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

शोधायला सुरुवात कुठून करू, रूटवरून की शहरावरून?

दोन्हीवरून नाही, मुक्कामावरून. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बाकी अर्धं पान वाचलं नाहीत तर चालेल. सगळे आधी नकाशा उघडतात, हायवेच्या दोन्ही बाजूंना दिसतील त्या ब्रुअऱ्यांवर खुणा करतात, आणि मग लक्षात येतं की दुपारी दोनला तिथून जाणार, पुढे अजून २०० किलोमीटर गाडी चालवायचीय, म्हणजे आत जाऊन लिंबू सरबत पिऊन निघायचं. रस्त्यातली ब्रुअरी ही गाडी चालवणाऱ्याच्या काही कामाची नाही. रात्री जिथे झोपणार तिथून पायी जाता येईल अशीच ब्रुअरी आपली.

म्हणून मी उलटं करतो. काम कुठल्या भागात आहे ते बघायचं, त्याच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ब्रुअऱ्या बघायच्या, त्यातली एक ठरवायची आणि मग तिच्यापासून एक-दीड किलोमीटरच्या आतलं हॉटेल घ्यायचं. कंपनीला हॉटेल कुठलंही चालतं, रेट बसला की झालं. गाडी संध्याकाळी पार्किंगला लावली की सकाळपर्यंत चावी बॅगेत.

मॅपवर नेमकं टाइप काय करायचं?

नुसतं बिअर टाइप केलं तर वाइन शॉप, बार, स्पोर्ट्स बार असं सगळं गोळा होऊन येतं. ब्रुअरी, ब्रूपब, टॅपरूम, मायक्रोब्रुअरी हे चार शब्द वेगवेगळे टाकून बघा, दरवेळी थोडी वेगळी यादी येते कारण मालकाने स्वतःची नोंद कशी केलीय त्यावर ते ठरतं. गूगल मॅप्समध्ये रूट लावल्यावर त्याच रस्त्यालगत शोधायची सोय आहे, मोठ्या ड्राइव्हमध्ये रात्री कुठल्या गावात थांबावं हे ठरवायला ती फार उपयोगी पडते. ओपनस्ट्रीटमॅपवर लोक ब्रुअऱ्यांची वेगळी नोंद करतात, छोट्या गावातली एखादी जागा तिथेच सापडते. अनटॅप्ड नावाचं ॲप २०१० पासून आहे, लोक काय प्यायले ते त्यात नोंदवतात आणि बऱ्याच जागांचा त्या दिवशीचा मेन्यूही दिसतो. ओपन ब्रुअरी डीबी म्हणून एक फुकट डेटाबेस आहे, कंप्युटरवाल्या मंडळींना त्यातून स्वतःची यादी करता येते. अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशनचा, म्हणजे तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या संघटनेचा, स्वतःचा ब्रुअरी शोधायचा नकाशा आहे. ब्रिटनमध्ये काम्रा ही बिअर पिणाऱ्या ग्राहकांची चळवळ १९७१ पासून चालू आहे आणि तिथल्या पबांची माहिती त्यांच्याइतकी कुणाकडे नसेल.

पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा भारी सोर्स म्हणजे पहिल्या ब्रुअरीतला बारटेंडर. उद्या अमुक गावात मुक्काम आहे, तिकडे तू स्वतः कुठे जाशील, असं विचारायचं. तो फोन काढून मालकाला विचारून सांगतो. ब्रुअरीवाले एकमेकांना ओळखतात, यीस्ट संपलं तर शेजाऱ्याकडून आणतात, हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पोतं उसनं देतात, त्यामुळे कोण चांगलं करतंय आणि कोण सध्या गडबडलंय हे त्यांना पक्कं माहीत असतं.

जुनी यादी आहे माझ्याकडे, ती चालेल ना?

नाही. ब्रुअऱ्या भराभर उघडतात आणि तितक्याच भराभर बंद होतात. नावाजलेल्या जागासुद्धा जातात. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने बुडता बुडता वाचवली, अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची गोष्ट सगळे तिथूनच सुरू करतात, आणि २०२३ मध्ये तीच बंद झाली. कॅलिफोर्नियातलीच न्यू अल्बियन, जॅक मॅकॉलिफने १९७६ मध्ये काढलेली, ती तर १९८२ मध्येच आटोपली. तेव्हा यादी कितीही प्रेमाने केलेली असो, निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक नाव तपासा. वेबसाइटवर भरवसा ठेवू नका, ती कुणी अपडेट करत नाही. इन्स्टाग्रामवर गेल्या आठवड्यातली पोस्ट आहे का ते बघा आणि सरळ फोन करा.

ब्रुअरी, ब्रूपब, टॅपरूम, मायक्रोब्रुअरी... हे सगळं एकच ना?

नाही. ब्रूपब म्हणजे रेस्टॉरंटच, पण बिअर स्वतःची, जेवणही व्यवस्थित मिळतं. टॅपरूम म्हणजे ब्रुअरीला लागून असलेली बसायची जागा, तिथे खायला बऱ्याचदा काहीच नसतं, बाहेर एखादा फूड ट्रक उभा असला तर नशीब, म्हणून जेवून जा. मायक्रोब्रुअरी हा आकाराचा शब्द आहे, अमेरिकेत वर्षाला १५,००० बॅरलपेक्षा कमी करणारी ती मायक्रो, आणि तिकडचा एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर, म्हणजे सुमारे साडेसतरा लाख लिटर. मायक्रो म्हणायचं आणि आकडा हा! आपल्याला भेटतात त्या बहुतेक याच्या कितीतरी खाली असतात.

फसवणारा शब्द म्हणजे टॅपहाउस. तिथे चाळीस नळ असतील पण स्वतःची एकही बिअर नसेल. वाईट नाही ते, पण टाक्या बघायला गेला असाल तर तोंड पडतं. दुसरा प्रकार म्हणजे नाव आपलं आणि बिअर दुसऱ्याच्या प्लँटमध्ये बनवून घेतलेली. फोनवर एवढंच विचारा, टाक्या तिथेच आहेत का.

छोटी स्वतंत्र ब्रुअरी आणि मोठ्या कंपनीने विकत घेतलेली, हे ओळखायचं कसं?

नुसतं बाटलीवरून ओळखणं अवघड आहे कारण विकत घेतल्यावरही लेबल तेच ठेवतात. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्ये अँहायझर-बुश इनबेव्हने घेतली, लागुनितासमधला अर्धा वाटा हायनेकेनने २०१५ मध्ये घेतला आणि २०१७ मध्ये उरलेलाही, लंडनची कॅम्डन टाउनही २०१५ मध्येच इनबेव्हकडे गेली. ब्रुअर्स असोसिएशनची व्याख्या अशी आहे की वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन आणि बाहेरच्या दारू कंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी. ६० लाख बॅरल म्हणजे सत्तर कोटी लिटर, याला छोटं म्हणायला जीभ रेटत नाही, पण व्याख्या तशी आहे. त्यांनी २०१७ मध्ये स्वतंत्र ब्रुअऱ्यांसाठी एक शिक्का काढला, उलट्या बाटलीचं चित्र असतं त्यावर, ते दिसलं तर प्रश्न मिटला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मालक कोण यावर मी फार डोकं लावत नाही. बिअर ताजी आहे आणि करणारा माणूस समोर दिसतोय, मला बास.

रेटिंग बघून ठरवू का?

बघा, पण चष्मा लावून. रेटिंग देणाऱ्यांना दाट, गोड, फळांच्या रसासारखी आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) आणि दहा-बारा टक्क्यांचे स्टाउट (काळी, भाजलेल्या माल्टची बिअर) आवडतात, तिथे आकडे चढतात. साध्या लागरला, म्हणजे नेहमीच्या फिकट हलक्या बिअरला,कितीही चांगली केली तरी कुणी पाचपैकी साडेचार देत नाही. त्यामुळे ३.७ वाली पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) ही ४.२ वाल्या मार्शमॅलो स्टाउटपेक्षा कितीतरी अवघड काम असू शकतं. मी ब्रुअरीचा एकूण आकडा बघतच नाही, तिथल्या सगळ्यात साध्या बिअरचा आकडा दुसरीकडच्या त्याच प्रकाराच्या बिअरशी ताडून बघतो. आणि कमेंट वाचायच्या तर एक स्टारवाल्या वाचा. पार्किंग नाही, टेबल मिळालं नाही, पोरं ओरडत होती अशा तक्रारी असतील तर बेधडक जा. बिअर आंबट लागली असं वेगवेगळ्या तीन-चार जणांनी लिहिलं असेल आणि ती आंबट प्रकारची बिअर नसेल, तर सोडून द्या.

माझं काम नेहमी इंडस्ट्रियल एरियात असतं, तिकडे कुठली आलीय ब्रुअरी?

अहो, तिकडेच असते! हे मला पण पाच-सहा वर्षांनी कळलं आणि इतकी वर्षं मी शहराच्या मध्यात जाऊन ट्रॅफिकमध्ये मरत होतो. ब्रुअरीला काय लागतं बघा: उंच छत कारण टाक्या उंच, जमिनीत गटारी कारण दिवसभर धुणं चालू, भक्कम फरशी कारण भरलेल्या टाकीचं वजन काही टन, जास्त क्षमतेचं वीज कनेक्शन, मुबलक पाणी आणि ट्रक आत येईल असं शटर. हे सगळं स्वस्त भाड्यात कुठे मिळतं तर गोडाऊन आणि वर्कशॉपच्या ओळीत. लंडनमध्ये बर्मंडसीत रेल्वेच्या कमानींखाली लागोपाठ ब्रुअऱ्या आहेत त्याचं कारणही हेच, स्वस्तातली, मोठी आणि कुणाला आवाजाचा त्रास नाही अशी जागा.

मागे एका प्लँटवर मी चार दिवस जात होतो, रोज दुपारी वारा सुटला की ओल्या बिस्किटासारखा वास यायचा. मला वाटलं जवळ बेकरी असेल. चौथ्या दिवशी क्लायंटचा फोरमन म्हणाला, बेकरी कसली, मागच्या गल्लीत बिअर करतात, गरम पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवलं की असा वास येतो. चार संध्याकाळी मी पंचवीस किलोमीटर लांब जाऊन महागडी बिअर पीत होतो आणि ही दीडशे मीटरवर! तेव्हापासून साइटवर पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्याला विचारतो.

कुठल्या दिवशी जावं, किती वाजता?

कामाच्या टूरचा हा एकच फायदा की आपण आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतो. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी पाच ते सात. गर्दी नाही, बारमागे उभा असलेला माणूस कदाचित स्वतःच ब्रू करणारा असतो आणि त्याला गप्पा मारायला वेळ असतो. शनिवारी तोच माणूस तुमच्याकडे बघणारही नाही.

सोमवार धोक्याचा. खूप टॅपरूम सोमवारी बंद, काही मंगळवारीही बंद असतात. आणि टॅपरूम म्हणजे बार नव्हे, रात्री आठ-नऊला दिवे मालवतात, कारण ज्याने बिअर केलीय तो पहाटे पाच-सहाला परत येणार असतो. क्लायंटबरोबर जेवून दहाला जाऊ म्हणाल तर शटर बघून परत याल.

एका टूरमध्ये किती ब्रुअऱ्या करायच्या?

एका मुक्कामाला एक. सुरुवातीला मीही तीन-तीन करायचो, यादीवर टिक मारायच्या नादात. दुसऱ्या दिवशी आठवतं काय तर फक्त टिक.

गाडी मीच चालवतोय. एखादा ग्लास चालेल का?

नाही.

पण कायद्याने थोडी सूट असते ना?

असते आणि जागोजागी वेगळी असते, म्हणूनच तिच्यावर टेकू नका. इंग्लंडमध्ये रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम अल्कोहोल, सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेलात की २०१४ पासून ५०. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, म्हणजे तेच ८०, युटामध्ये ०.०५. स्वीडनमध्ये ०.०२. चेक प्रजासत्ताकात, जिथे बिअर पाण्यासारखी पितात, तिथे शून्य. सकाळी एका राज्यात आणि संध्याकाळी दुसऱ्या अशी टूर असेल तर कुठला आकडा लक्षात ठेवणार? शिवाय कंपनीची गाडी असेल तर कायद्याच्या आत असूनही कंपनीचा नियम शून्य असू शकतो, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो.

मग रात्री प्यायलो आणि सकाळी निघालो तर? झोप झाली की उतरते ना?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरी गडबड इथेच होते, म्हणून जरा हिशोब करू. बिअरचे मिलिलिटर गुणिले टक्केवारी, म्हणजे निव्वळ अल्कोहोलचे मिलिलिटर, त्याला ०.७८९ ने गुणलं की ग्रॅम. ५ टक्क्यांचा ३३० मिलिलिटरचा कॅन म्हणजे साधारण १३ ग्रॅम. लिव्हर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम संपवतं, माणसागणिक कमीजास्त, आणि कॉफी, गार पाण्याची आंघोळ, व्यायाम यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

आता ७ टक्क्यांची आयपीए, अमेरिकन पाइंट ४७३ मिलिलिटरचा, असे तीन घेतले. १,४१९ मिलिलिटरचे ७ टक्के म्हणजे ९९ मिलिलिटर, म्हणजे ७८ ग्रॅम. ते जायला आठ ते अकरा तास. रात्री साडेदहाला शेवटचा घोट घेतलात तर सकाळी सात वाजता क्लायंटकडे निघताना अंगात अजून शिल्लक असू शकते, तुम्हाला स्वतःला एकदम फ्रेश वाटत असलं तरी. क्राफ्ट बिअरमध्ये नेमकं हेच फसतं, ग्लास तेवढाच पण आतला माल दीडपट-दुप्पट. म्हणून सकाळी ड्राइव्ह असेल तर मी आठच्या आत थांबतो आणि एकूण दोन छोट्या ग्लासांच्या वर जात नाही. मोठा बेत शेवटच्या रात्रीचा, तोही दुसऱ्या दिवशी गाडी दुसरा कुणी चालवणार असेल तरच.

फ्लाइट म्हणजे काय आणि त्यात काय मागवू?

लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास, प्रत्येकी १०० ते १५० मिलिलिटर, वेगवेगळ्या बिअरचे. नवीन जागी हेच मागवा. पण छोटे ग्लास म्हणून कमी असं समजू नका, १५० चे चार म्हणजे ६०० मिलिलिटर. ५ टक्क्यांच्या असतील तर २४ ग्रॅमच्या आत, १० टक्क्यांचे स्टाउट असतील तर ४७ ग्रॅम. म्हणजे एकाच फळीत दुप्पट फरक.

पहिला ग्लास नेहमी तिथल्या सगळ्यात साध्या बिअरचा घ्या, पिल्सनर, हेलेस, ब्लाँड, जे असेल ते. भरपूर हॉप्स किंवा भाजलेलं माल्ट टाकलं की चुका झाकल्या जातात, साध्या बिअरमध्ये लपायला जागाच नसते. वरणभातावरून सुगरण ओळखावी तसं. ती जमलेली असेल तर बाकी मेन्यूवर डोळे झाकून विश्वास ठेवा. दुसरा ग्लास बारटेंडर म्हणेल तो. तिसरा असा काहीतरी जो तुम्ही एरवी कधी घेणार नाही, गोझा असेल तर बघा, मीठ आणि धने घातलेली आंबूस जर्मन बिअर आहे, ऐकायला विचित्र, प्यायला मस्त. हलक्याकडून जडकडे जायचं, उलट गेलात तर पिल्सनर पाण्यासारखी लागते. आणि प्रत्येक ग्लासमागे एक ग्लास पाणी.

बिअर खराब आहे की तिची चवच तशी आहे, हे कसं कळणार?

थोडे वास ओळखायला शिका, पुरतं. लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअसेटिल, बहुधा फर्मेंटेशन घाईत उरकलंय किंवा नळाच्या पाइपात जंतू आहेत. उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस नावाचं गंधकाचं द्रव्य राहून गेलंय. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बिअर अजून कच्ची आहे. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे जुनी झाली. उलट गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळं आणि लवंग यायलाच पाहिजे, ते यीस्टचं काम आहे, तिथे केळ्याचा वास आला म्हणून ग्लास परत करू नका, मी केलाय, अजून आठवलं की लाज वाटते.

ग्लासकडेही बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. पाइप किती दिवसांनी साफ करता हे विचारायला हरकत नाही, दोन आठवडे हे चांगलं उत्तर. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे दुसरा ग्लास घेऊ नका.

बिल कंपनीला लावता येतं का?

कंपनीची पॉलिसी वाचा. जेवणाचा भत्ता असला तरी दारू त्यात बहुतेक ठिकाणी बसत नाही. मी सरळ दोन बिलं मागतो, जेवण वेगळं आणि बिअर वेगळी, बिअरचं बिल स्वतःच्या कार्डावर. बारवाल्याला आधीच सांगितलं तर तो काही कुरकुर करत नाही, शेवटी सांगितलं तर करतो. आमच्यातल्या एकाने सगळं एकत्र बिल लावलं आणि अकाउंट्सच्या मॅडमनी ते प्रिंट काढून, त्यातल्या बिअरच्या नावावर पिवळा मार्कर मारून परत पाठवलं. बिअरचं नाव असं होतं की इथे लिहिता येणार नाही. क्राफ्टवाल्यांना नावं ठेवायची फार हौस, आणि ती जशीच्या तशी बिलावर छापून येतात.

क्लायंटला किंवा साहेबांना घेऊन जावं का?

त्यांनी स्वतः विषय काढला तर. आपणहून विचारू नका, कोण पीत नाही, कोणाला डॉक्टरने बंद केलीय, कोणाच्या घरी चालत नाही हे आपल्याला माहीत नसतं आणि माणूस उगाच अडचणीत येतो. टेबलावर कामाचं बोलू नका, निदान रेटचं तरी नको, पहिल्या ग्लासनंतर दिलेला डिस्काउंट सकाळी परत घेता येत नाही.

एकट्याने जाऊन बसायला कसंतरी वाटतं. काय करू?

टेबल घेऊ नका, बारसमोरच्या स्टुलावर बसा. तिथे एकटं असणं कुणाला दिसतही नाही. आमच्या टीममधल्या एका मॅडम एकट्याच टूर करतात, त्यांचं म्हणणं असं की नेहमीच्या बारपेक्षा टॅपरूम बरं, उजेड असतो, टाक्यांजवळ काम चालू असतं, लोक बोर्ड गेम घेऊन पोराबाळांना, कुत्र्याला घेऊन आलेले असतात आणि लवकर बंद होतं. हॉटेल कुठलं ते कुणाला सांगायचं नाही आणि परतताना अंधारी गल्ली असेल तर चालत जायच्या फंदात न पडता टॅक्सी करायची, एवढं त्या पाळतात. मी पण आता तेच करतो.

टूर देतात का? आत जाऊन बघता येतं?

बऱ्याच छोट्या जागी ठरलेली टूर नसते पण नीट विचारलं तर दाखवतात. त्यांच्या कामाचा अंदाज घेऊन विचारा. माल्ट भिजवणं, गाळणं, तासभर उकळणं, हॉप्स घालणं, गार करून टाकीत भरणं आणि मग सगळं धुणं, यात सकाळपासून दुपार होते, त्या वेळात मध्ये मध्ये करू नका. नंतर यीस्टचं काम सुरू होतं, एल (लवकर तयार होणारा बिअरचा प्रकार) असेल तर एक-दोन आठवडे, लागर असेल तर महिनाभर किंवा जास्त, आणि त्या काळात ब्रू करणाऱ्याला गप्पांना वेळ असतो. पुढून बंद बूट घाला, चपला नकोत, आत उकळतं पाणी असतं, धुवायला कॉस्टिक वापरतात आणि फरशी कायम ओली. टाकीच्या झाकणातून वाकून वास घेऊ नका, आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, एक श्वास घेतला तरी नाकात ठसका बसतो आणि बंद जागेत तो जीवावरही बेततो.

आपण मशीनवाले असलो तर एक फायदा असतो. पंप, व्हॉल्व्ह, चिलर याबद्दल एक शहाणा प्रश्न विचारला की पुढचा अर्धा तास तो माणूस तुमचाच. एकदा मी गळणारं पंप सील पाच मिनिटांत बसवून दिलं, त्या दिवशी माझ्याकडून पैसेच घेतले नाहीत.

घरी न्यायची असेल तर?

ग्राउलर म्हणजे नळावरून भरून देतात तो मोठा जग, अमेरिकेत ६४ औंसाचा, जवळजवळ १.९ लिटर. क्राउलर म्हणजे तुमच्यासमोर सील करून देतात तो मोठा कॅन, त्याच्या निम्मा. ग्राउलर दोन-तीन दिवसांत संपवा, उघडलात तर दुसऱ्या दिवसापर्यंत गॅस जातो. टूर आठवडाभराची असेल तर पहिल्या दिवशी ग्राउलर भरून घेण्यात काही अर्थ नाही, कॅन घ्या आणि तेही शेवटच्या मुक्कामाला.

गाडीची डिकी ही बिअरची शत्रू. या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे, म्हणजे ३२ अंशात ३ दिवस, २२ अंशात ३० दिवस आणि ३ अंशात ३०० दिवस, तिन्हीत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. दुपारी उन्हात लावलेल्या गाडीत तर ३२ च्या कितीतरी वर जातं. बर्फाची पेटी ठेवा, नाहीतर नेऊच नका. उजेडाचंही तसंच, हॉप्समधल्या द्रव्यांवर ऊन पडलं की स्कंक नावाच्या प्राण्यासारखा घाण वास येतो, तपकिरी बाटली बरंच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक वाचवत नाही, कॅन सगळ्यात बेस्ट. आणि सीलबंदच, डिकीतच. सीटवर उघडा कॅन कित्येक ठिकाणी गुन्हा आहे.

मी बिअर पीतच नाही, पण टीमबरोबर जावं लागतं.

जा की. आता बऱ्याच जागी ०.५ टक्क्यांच्या आतली बिनअल्कोहोलची बिअर, कोम्बुचा (आंबवलेला चहा), तिथेच केलेला सोडा असं काहीतरी असतं. तुम्ही गाडी चालवणार असाल तर आधीच सांगा, काही ठिकाणी ड्रायव्हरला सॉफ्ट ड्रिंक फुकट देतात. आणि कुणी आग्रह केला तर माझं नाव सांगा, मी त्या माणसाशी बोलतो.

मुद्दाम वाकडी वाट करून जावं अशा जागा कुठल्या?

काम त्या देशात निघालं तर, नुसतं यासाठी विमानाने जा असं मी म्हणत नाही (म्हणतो खरं तर). चेकमधलं प्लझेन, १८४२ मध्ये योझेफ ग्रोलने तिथे पहिली सोनेरी पिल्सनर केली, आजही तळघरात लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर देतात. जर्मनीत बांबेर्गला श्लेंकेर्लाची धुरी दिलेल्या माल्टची बिअर, पहिला घोट चुलीजवळ बसल्यासारखा लागतो, तिसऱ्या घोटाला आवडायला लागतो. त्याच भागात आउफसेस म्हणून हजार-दीड हजार वस्तीचं गाव आहे आणि तिथे चार ब्रुअऱ्या. कोलोनमध्ये कोल्श ०.२ लिटरच्या बारक्या ग्लासात येते आणि वेटर न विचारता पुढचा ग्लास आणून ठेवत राहतो, थांबवायचं असेल तर ग्लासाखालचा पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. हे माहीत नसलेला आमचा एक सहकारी नऊ ग्लासांपर्यंत गेला, त्याला वाटलं नको म्हणणं उद्धटपणा होईल.

ब्रुसेल्समध्ये कांटिलों, १९०० पासून चालू. तिथे यीस्ट टाकतच नाहीत, गरम रस उघड्या पसरट तांब्याच्या टाकीत रात्रभर ठेवतात आणि हवेतले जंतू आपोआप कामाला लागतात, म्हणून ब्रू करायचं ते फक्त थंडीच्या महिन्यांत. अमेरिकेत चिकोला सिएरा नेव्हाडा, केन ग्रॉसमनची, पहिली बिअर १९८० मध्ये, सुरुवातीची टाक्या-भांडी डेअरीची जुनी. मी तर ते वेल्डिंग बघायलाच जाईन.

सगळं तपासून, फोन करून गेलो आणि तरी बंद निघाली तर?

निघते. माझ्या बाबतीत एकदा आतमध्ये कुणाचं तरी लग्न चालू होतं आणि दारावर पाटी, आज प्रायव्हेट कार्यक्रम. दिवसभर साइटवर घामाघूम होऊन, हॉटेलवर गाडी लावून, दीड किलोमीटर चालत गेलो होतो आणि फोनवर आदल्या दिवशी ज्याच्याशी बोललो होतो तोच माणूस सूट घालून दारात उभा. म्हणाला, अरे हो, मी लग्नाचं सांगायला विसरलो. माझाच चेहरा बघून असेल, पण आत जाऊन दोन कॅन घेऊन आला, पैसे घ्यायला तयार नाही, म्हणाला नवरीकडून. मी ते रूमवर नेले, फ्रिजमध्ये ठेवले आणि नेहमीसारखा टीव्ही लावला.